बॉयलरमध्ये झालेली काच

"मॅडम, तुमच्या अणूचं इथं काय काम?" एमडी साहेब म्हणाले. "तुमच्या मामांनी आग नीट राखली नाही, म्हणून बॉयलर बसला. उद्यापासून ते सस्पेंड."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. इंदापूर तालुक्यातला एक साखर कारखाना. नाव विचारू नका, अजून तिथं मला जेवायला बोलावतात. माझे मामा, सगळ्यांचे तात्या, तिथं हेड फायरमन होते, म्हणजे बॉयलरची आग सांभाळणारे मुख्य. रिटायर व्हायला तेवढाच एक सीझन उरलेला. मी मुंबईला अणुइंधनाच्या लॅबमध्ये नोकरीला. रजा काढून आले होते ती भिगवणचे मासे खायला. मासे राहिले बाजूला. घरात मामा जेवेनात, आणि मामी माझ्यावरच डाफरली, "येवढी शिकलीस, मंग त्या बॉयलरला काय झालंय ते बघ की!"

म्हणून मी साहेबांच्या केबिनमध्ये बसले होते.

"सस्पेंड करा की," मी म्हटलं. "पण आत जळलं काय ते बघू तर द्या. उद्यापर्यंत थांबा."

"बघा," साहेब म्हणाले. माझ्याकडून काही होईल असं त्यांना वाटलं नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसतच होतं.

बॉयलरमध्ये बगॅस जळतं, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा भुसा. त्याची राख भुरभुरीत पडते, ओढून काढली की झालं. इथं राखेचा दगड झाला होता. जाळीवर काळपट हिरवा, चकाकणारा थर. त्याला क्लिंकर म्हणतात. तो बसला की खालून हवा येत नाही, वाफ होत नाही, गाळप बंद. माणसं पहारीनं तो फोडत होती. मी एक तुकडा उचलला आणि मला हसू आलं.

"हसतीस काय?" मामा म्हणाले. "हितं माझी अब्रू चाललीय."

"मामा, ही काच हाय."

आता माझ्या धंद्याविषयी थोडं. अणुभट्टीत युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या वापरतात, साधारण खडूच्या तुकड्याएवढ्या. ऑक्साइड म्हणजे धातूचं ऑक्सिजनशी लागलेलं लग्न. ही गोळी अठ्ठावीसशे अंशांच्याही पुढं वितळते. तिच्यात दुसरा ऑक्साइड मिसळला की हा आकडा हलतो. थोरियमचा मिसळला तर चढतो, गॅडोलिनियमचा मिसळला तर उतरतो. गोळी आतून वितळून चालत नाही, म्हणून तो किती उतरतो हे आम्ही मोजत बसतो. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर मीठ टाकतात ना, बर्फ लवकर पाघळावा म्हणून? त्यातलाच प्रकार. काच होते वाळूची, आणि वाळू म्हणजे सिलिकॉनचा ऑक्साइड. त्या बॉयलरमध्ये ती एकटी कधीच वितळली नसती. तिला कुणीतरी पोटॅशची, म्हणजे पोटॅशियमच्या ऑक्साइडची, सोबत दिली होती.

"मामा, भुशात वेगळं काय टाकलंत?"

"काय न्हाय. बगॅसच."

"नुसतं?"

मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "यार्डात मळी सांडली हुती. पावणे येणार, म्हून साफ करायची हुती. तिच्यावर भुसा पसरला, मातीसकट खरवडला आन् दिला बॉयलरला. लई झ्याक जळला बघ."

मळी म्हणजे साखर काढल्यावर उरलेला काळा पाक. उसानं रानातून ओढलेलं पोटॅश शेवटी त्यातच येऊन बसतं. वर यार्डातली माती, म्हणजे वाळू आलीच. काच करायला आणखी काय लागतं?

"हे करायला सांगितलं कुणी?"

"येमडी सायबांनी. पर तू नाव घेऊ नगंस. वरच्या माणसाचं नाव घिऊन मला सुटायचं न्हाय."

घ्या. हात बांधून पोहायला सांगितलं. मला रागही आला आणि मामांचा अभिमानही वाटला.

कारखान्याच्या केमिस्टनं त्याची विजेची छोटी भट्टी मला वापरू दिली. एका मुशीत, म्हणजे आचेत टिकणाऱ्या वाटीत, बगॅसची राख आणि यार्डातली माती घातली. दुसरीत तेच, वर मळी जाळून केलेली राख. दोन्ही एकाच आचेवर तापवल्या.

दुसऱ्या दिवशी मामांना घेऊन केबिनमध्ये गेले. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि पहिली मूस उपडी केली. भुकटी सांडली. दुसरी उपडी केली, ठोकली, पुन्हा ठोकली. काही पडेना. आत काच चिकटलेली.

"साहेब, तात्यांनी आग कशीही राखली असती तरी मळीनं हेच केलं असतं. आता ती बॉयलरला घालायला ज्यानं सांगितलं, त्याला सस्पेंड करा."

साहेबांनी मूस उचलून स्वतः ठोकून पाहिली. मामांनी नजर जमिनीला लावलेली. मग साहेब खुर्चीतून उठले.

"तात्या, मीच सांगितलं होतं. तुम्ही बोलला का नाही?"

"तुमी इचारलं कुठं, सायेब? पयलं सस्पेंडच केलं."

साहेब हसले, लाजलेही, आणि चहा सांगितला. क्लिंकर फुटला, गाळप सुरू झालं. मामा सीझन संपेपर्यंत बॉयलरवर होते आणि हार घालून घेऊनच रिटायर झाले.

एखादी गोष्ट वितळली की आत काय मिसळलं होतं, हे लॅबमध्ये आम्ही सगळ्यात आधी विचारतो. कारण सोपं आहे. तिथं सस्पेंड करायला कुणी नसतं.