गाणाऱ्याची चौकट

नव्वदचं दशक सरत होतं. कुंभकोणमला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुकानदार कॅसेटमधली गाणी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचा. गाण्याचं नाव, राग, गायक अशा चौकटी भरून सगळं खणखणीत वाचून दाखवायचा. मला कंटाळा यायचा. एखादी चौकट रिकामी राहिली की तो चिडायचा, "बेवारशी गाणं मी ठेवत नाही, सार!"

वडील गेल्यावर आई त्यांच्या भजनांची कॅसेट घेऊन माझ्याबरोबर आली.

"गाणारे कोण, मामी?" मोठ्या बाईला हाक मारायच्या तिकडच्या रीतीनं त्यानं विचारलं.

आईनं माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडानं घेतलं नव्हतं. मी सांगणार, तोच त्यानं मला हातानं थांबवलं आणि कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला. एका बोटानं अक्षरं शोधत तिनं नाव लिहिलं.

ते मात्र त्यानं मोठ्यानं वाचलं नाही. हळूच विचारलं, "ठेवू ना, मामी?"