रॉबिनची पेज

नातालीमावशी कुत्र्याला चिनी मातीच्या बशीत वाढायची, आणि वाढण्याआधी ती बशी पदराने पुसून घ्यायची. लग्न होऊन मी वसईजवळ उमेळ्याला आले त्या पहिल्याच आठवड्यात हे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसले. आमच्या आणि तिच्या घरामध्ये केळींची एक रांग तेवढी होती, त्यामुळे तिचं मागचं अंगण आमच्या ओट्यावरून दिसे.

मावशी पूर्वी वांद्र्याला एका साहेबाच्या बंगल्यात आया होती. साहेबाची दोन मुलं तिच्या अंगाखांद्यावर वाढली. स्वातंत्र्य आलं, साहेब बायकामुलांना घेऊन बोटीने विलायतेला गेला आणि मुलांचा रॉबिन मावशीसोबत इथे उमेळ्याला तिच्या घरी आला. तांबूस, लांब कानांचा, पाहुण्यासारखा अवघडून बसणारा कुत्रा. मावशीचं लग्न झालं नव्हतं, एकुलता भाऊ वारला होता. घरात ही दोघंच.

बंगल्यात मेमसाहेब रॉबिनला बेतानेच वाढायची. ताटातलं काही द्यायचं नाही, अशी सगळ्यांना ताकीद होती. इथे मावशीला अडवणारं कुणी नव्हतं. सकाळी दुधात कुस्करलेला पाव, दुपारी मटणाच्या चरबीचा भात, वर अंडं. "सायबाचा जॉनबाबा पन असाच तोंडाकडं बघायचा," ती म्हणायची. "बघनाऱ्याला नाय कसं म्हनायचं, सूनबाय?"

पावसाळा सरता सरता रॉबिनला वांत्या सुरू झाल्या. तो गवत खायचा, ओकायचा, पुन्हा खायचा. मग शौचातून रक्त पडू लागलं. मावशीने त्याला गोधडीत गुंडाळलं आणि आमच्या बैलगाडीतून वसईला गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. मी सोबतीला गेले. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि याला काय काय देता, असं विचारलं. मावशीने अभिमानाने सगळं सांगितलं.

"बाई, एवढं तर मीही खात नाही," डॉक्टर म्हणाले. "दूध बंद, चरबी बंद, हाडं बंद. आज नुसतं पाणी. उद्यापासून पातळ पेज, थोडी थोडी. नाहीतर हा वाचत नाही."

परतताना वाटभर ती रॉबिनला मांडीवर घेऊन बसली होती. घराशी उतरताना म्हणाली, "म्हंजे मीच त्याला मारत होते काय गं?"

पेजेवर रॉबिन सावरला. पण मावशीने तव्यावर बोंबील टाकला की तो चुलीपाशी येऊन लाळ गाळायचा, केविलवाणा रडायचा. "त्याच्या नाकाला कोन समजावनार?" म्हणत तिने घरात मासळी आणणंच सोडलं. एकाच टोपातली पेज दोघांना. सासूबाई कधी कालवणाची वाटी पाठवत, ती झाकलेली तशीच परत येई. एका नाताळला मात्र तिला राहवलं नाही. किरिस्ताव शेजाऱ्यांकडून आलेल्या ताटातला डुकराच्या मांसाचा एक तुकडा तिने त्याला भरवला. त्यानंतर तो कितीतरी दिवस उठला नाही. ती त्याच्या उशाशी बसून चमच्याने पाणी पाजत होती. मला म्हणाली, "पोटाला माया कळत नाय, सूनबाय. त्याला पेजच कळते."

मग तिचा हात पुन्हा कधी चुकला नाही. रॉबिन पेजेवरच म्हातारा झाला, आंधळा झाला आणि एका थंडीत झोपेतच गेला. आमच्या गड्याने केळींमागे खड्डा खणून दिला. मावशी रडली नाही. पण त्यानंतर तिच्या कौलांवर धूर दिसेना.

दोन-तीन दिवसांनी भर दुपारी ती आमच्या दारात उभी राहिली. आम्ही ताटं वाढत होतो.

"सूनबाय, आज तुमच्यात बसून जेवू काय? एकटीला घास उतरत नाय."

त्या काळी आमच्याकडे किरिस्तावांची पंगत वेगळी असे. मी सासूबाईंकडे पाहिलं. स्वतःचा पाट त्यांनी उचलला आणि माझ्या शेजारी मांडला. "बस, नाताली," म्हणाल्या.

मी तिला कोळंबीचं कालवण वाढलं. इतक्या वर्षांनी ती कालवण-भात जेवत होती. हळूहळू, खाली मान घालून, पोटभर जेवली. ताट उचलायला गेले तर तिने ते स्वतःच विहिरीवर नेऊन घासलं.

निघताना म्हणाली, "उद्या यायची नाय हां मी. सवय लागली तं पुन्हा कठीन."

सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी एक पाट जास्त मांडला, तिसऱ्या दिवशीही मांडला. मी केळींपलीकडे हाका मारून आले. मावशी आतून "जेवले गं" म्हणाली. तिच्या कौलांवर धूर नव्हता, घरातून कसलाच वास येत नव्हता.