गळतीमामाची म्हातारी

लोकांच्या छतांची गळती काढता काढता माणसाचं नावच गळतीमामा पडलं. आईबापांनी ठेवलेलं नाव कुठल्यातरी सरकारी कागदावर तेवढं उरलं होतं. बाकी धाकट्यांपासून थोरांपर्यंत सगळ्यांचा तो मामा. गच्चीला चीर गेली, भिंतीला पोपडे आले, की बोलवा मामाला.

मामा यायचा, चपला दाराशी काढायचा आणि मान वर करून खोलीच्या मधोमध उभा राहायचा. घरचे लोक छतावरच्या पिवळ्या डागाकडे बोट दाखवत. मामा त्या बोटाकडे ढुंकूनही बघत नसे. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "डाग बघू नका, वाट बघा." पाणी शिरतं एका कोपऱ्यातून, सळीच्या अंगाअंगानं गुपचूप चालत जातं आणि टपकतं तिसऱ्याच खोलीत. तेव्हा ते कुठल्या वाटेनं आलं ते बघा, असं त्याला म्हणायचं असे. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, हा आपल्याला थांबायला सांगतोय. एका बिचाऱ्या बाईंनी पलंगावर घमेलं मांडून खरोखर वाट बघितली आणि शेवटी फोन केला, "मामा, अजून किती दिवस बघू?"

तर अशा माणसाच्या अंगणात, त्याच्याच गाडीखाली, तेलाचा डाग पडला.

गाडी जुनी. चौकोनी नाकाची, कधीकाळी निळी असावी अशी. मागची सीट काढून टाकून तिथं मामानं वर्षानुवर्षं शिडी, घमेली आणि लेपाचे डबे वाहिले होते. घरात तिला म्हातारी म्हणत. मामाची बायको सांगायची, "आमच्या ह्यांचा म्हातारीवर जितका जीव, तितका माझ्यावर असता तर मी अजून तरुण दिसले असते."

मामाची लेक ह्याच गाडीवर चालवायला शिकली. ती नर्स झाली. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात उमेदवारी झाली आणि आता डोंगरावरच्या एका लहान दवाखान्यात तिला जागा मिळाली होती. विखुरलेल्या वाड्यावस्त्यांवर जाऊन गरोदर बायांना तपासायचं, वेळप्रसंगी त्यांना खाली घेऊन यायचं. वर बस जात नव्हती. म्हणून अट एकच: स्वतःची गाडी हवी. सोमवारी गाडीसकट हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला.

लेकीनं जागा बघायला म्हणून म्हातारी वर नेऊन आणली. परत आली तेव्हा मामानं सवयीनं बोनेट उघडून तेलाची पट्टी ओढली. पट्टीच्या टोकाला तेल जेमतेम चिकटलं होतं. खाली वाकून बघितलं, तर इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथं एक काळा थेंब लोंबत होता. पडू की नको, असा विचार करत असल्यासारखा.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही. म्हातारीला घाम आलाय."

पण मामानं पट्टी पुसून पुन्हा एकदा बुडवून बघितली. तेल संपलेलं इंजिन घाटात आवळून बसलं तर ते कायमचं बसतं. त्यात मागे कळा येत असलेली बाई असली तर? त्यानं मनाशी खूणगाठ बांधली. गळती सापडली तर पोरगी जाईल. नाही सापडली तर आपणच तिला सांगायचं, जाऊ नकोस. आणि ते सांगण्याइतकी जीभ आपल्या तोंडात नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता गंमत बघा. जन्मभर लोकांना डाग बघू नका म्हणून सांगणारा हा माणूस, स्वतःवर वेळ आली तेव्हा डागालाच जाऊन चिकटला. थेंब लोंबतोय तिथं वर काय आहे? तेलाचं चेंबर. मग चेंबरच्या कडेनंच गळत असणार! गाडीखाली पुठ्ठा टाकून, त्यावर उताणा पडून मामानं चेंबरची कड पुसली आणि गच्चीला लावायचा आपला पांढरा लेप, हातचं न राखता, बोटानं चारी बाजूंनी फासला. वर सुकायला वेळ दिला आणि नवं तेल भरलं. उठून अंगणभर तोऱ्यात फिरला.

दुसऱ्या दिवशी लेक म्हातारीतून जाऊन शहरातल्या दवाखान्याचा निरोप घेऊन आली. पांढऱ्या लेपावरून काळा ओघळ आला होता, म्हाताऱ्याच्या मिशीवरून तपकीर ओघळावी तसा.

मग गाडी मिस्त्रीकडे गेली. मिस्त्रीचं गॅरेज रस्त्याच्या टोकाला. माणूस हाताचा चांगला, जिभेचा तिखट. गाडीखाली शिरला आणि आतूनच हसायला लागला.

"मामा, हे काय? इंजिनाला गच्ची समजलात काय?"

"हसू नको. काय ते सांग."

"सांगतो ना. दुखणं हल्याला आणि डाग पखालीला! चेंबर बिचारं निर्दोष आहे. वरून येतंय." मिस्त्री बाहेर आला, हात पुसत उभा राहिला. "मागचं ऑइल सील गेलंय. तेल नेमकं जोडावर येतंय, म्हणजे तेच. गिअरबॉक्स उतरवावा लागणार. ह्या गाडीचं सील हल्ली सहज मिळत नाही, मागवावं लागेल. दोन आठवडे धरा."

"सोमवारी पोरगी निघतेय."

"मग बसनं पाठवा."

"बस जात नाही म्हणून तर गाडी पाहिजे रे बाबा!" मामा गाडीखाली वाकला. "सीलच गेलंय, हे तू बघितलंस का?"

"बघायला उतरवावं लागतं, मामा. अंदाजानं सांगतोय. ऋषीचं कूळ आणि गळतीचं मूळ विचारू नये म्हणतात."

"नदीचं. नदीचं मूळ विचारू नये. गळतीचं विचारावं, त्यावर माझं घर चालतं. तू अजून काही खोलू नको."

घरी येऊन मामा पायरीवर बसला. बायको कपडे वाळत घालत होती. सगळं ऐकून घेतलं तिनं आणि शेवटचा टॉवेल झटकून म्हणाली, "आधी तुम्ही डाग बघितलात. मग मिस्त्रीनं डाग बघितला. वाट कोणी बघितली?"

मामानं मान वर केली.

"लोकांच्या घरी जाऊन पोपटपंची करता ती हीच ना? का ते फक्त परक्यांसाठी आहे?"

मामा उठला. रॉकेलचा डबा आणि जुना ब्रश काढला आणि म्हातारीचं इंजिन धुवायला बसला. वरपासून खालपर्यंत, फटीफटीतून, कित्येक वर्षांची चिकट मळी खरवडून काढली. बोटं काळी झाली, कंबर धरली, पण हट्ट सोडला नाही. इंजिनाला मूळचा रंग आहे हे त्याला पहिल्यांदाच कळलं. संध्याकाळपर्यंत सगळं पुसून वाऱ्यावर कोरडं होऊ दिलं.

सकाळी त्यानं बायकोचा पावडरचा डबा उचलला.

"अहो! ती माझी नवी पावडर आहे!"

"म्हातारीला लावायची आहे."

"कुठल्या?" बायकोनं डोळे वटारले.

गच्चीचं काम करताना मामा कोरडं सिमेंट भुरभुरत असे. ओल जिथून येते तिथं सिमेंट आधी काळवंडतं आणि वाट आपोआप उमटते. तीच युक्ती. त्यानं इंजिनाच्या अंगावर सगळीकडे पावडर उडवली. बोनेटखालून असा काही सुवास सुटला की म्हातारी लग्नाला निघाली आहे असं वाटावं. मग इंजिन सुरू करून मामा डोळ्यांत तेल घालून बसला. इंजिन तापलं, पंखा फिरला, मामाचे पाय बधिर झाले. पावडर पांढरी ती पांढरीच.

लेक खूश झाली. "बरी झाली की हो, बाबा! धुतल्यानं बरी झाली!"

"धुतल्यानं माणूस बरा होत नाही, गाडी कुठली होते?" मामा म्हणाला. "गळती थांबत नसते, पोरी. लपते." आणि मग त्यानं तिला तो प्रश्न विचारला, जो तो प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत विचारत असे आणि घरच्या माणसाला विचारायचा विसरला होता. "कुठल्या अंगाच्या पावसात गळतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे थेंब नेमका केव्हा दिसला? बाहेरून आली की टपकते, नुसती अंगणात उभी असली की डाग पडत नाही. आठव."

लेकीनं आठवलं. "शहरातल्या दवाखान्यातला वॉचमन ओरडायचा. ताई, तुमच्या गाडीनं फरशी काळी केली म्हणून. आणि परवा घाटात फोन आला म्हणून थांबले होते, तेव्हा तेलाचा वास आला होता."

"दवाखान्यात गाडी कुठं लावतेस?"

"उतारावर. वरच्या बाजूला तोंड करून." बोलता बोलता ती थांबली. "घाटातही तोंड वरच होतं."

"घरी शहाणी आणि बाहेर वाह्यात," मामा म्हणाला. "चल, बस गाडीत."

पाण्याच्या टाकीमागचा रस्ता चढाचा होता. मामानं म्हातारीला नाक वर करून उभं केलं. हँडब्रेक ओढला, चारी चाकांमागे धोंडे लावले, वर स्वतः हलवून बघितले. पुन्हा पावडर. लेकीला इंजिन चालू ठेवायला सांगितलं. इंजिनाचा पुढचा भाग नीट दिसत होता, पण मागची बाजू, पत्र्याच्या भिंतीला लागून असलेली, डोळ्याच्या टप्प्यात येत नव्हती. बायकोचा हातआरसा त्यानं न विचारताच खिशात घातला होता. तो एका हातात, टॉर्च दुसऱ्या हातात, आणि मामा बोनेटखाली ओणवा.

"दिसतंय का?" लेकीनं ओरडून विचारलं.

"नाही."

"आता?"

"वाट बघ!"

येणारीजाणारी माणसं थांबून विचारायची, गाडी बंद पडली का. मामा आरशातून नजर काढत नव्हता. पाठीत कळ आली, ती त्यानं तिथंच राहू दिली. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर आला, तोही पुसला नाही.

आणि मग आरशात, इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यात, पांढऱ्यावर एक राखाडी ठिपका उमटला. मामानं श्वास धरला. ठिपक्याला शेपूट फुटलं. मुंगीच्या पावलांनी ती रेघ खाली सरकू लागली. इंजिनाच्या पाठीवरून, एका बोल्टला वळसा घालून, आणखी खाली, बरोबर गिअरबॉक्सच्या जोडापर्यंत. तिथं थांबून तिनं थेंब धरला.

"सापडली!" मामा एवढ्या जोरानं ओरडला की डोकं बोनेटला आपटलं. "सापडली वाट! बंद कर इंजिन!"

लेकीनं फोन केला तसा मिस्त्री चढ चालत धापा टाकत आला. आरशात बघितलं, मग मामाकडे बघितलं, मग पुन्हा आरशात.

"टॅपेट कव्हरचं पॅकिंग," तो माथ्यावरच्या झाकणाकडे बोट दाखवत म्हणाला. "नाक वर झालं की माथ्यावरचं तेल मागच्या कोपऱ्यात साचतं आणि झिरपतं. सपाटीवर साचतच नाही, मग गळणार कुठून?" त्यानं मान खाजवली. "मी गिअरबॉक्स उतरवून सील बदललं असतं आणि गळत राहिलंच असतं. तुम्ही माझे दोन आठवडे वाचवलेत, मामा."

"पॅकिंग मिळेल का?"

"हे माझ्या फळीवर पडलेलं असेल. वास कसला येतोय हो एवढा?"

"म्हातारी नटली आहे. चल लवकर."

मिस्त्रीनं झाकण काढलं. जुनं पॅकिंग मागच्या कोपऱ्यात वाळून लाकूड झालं होतं. वाकवलं तर कडकन मोडलं. नवं बसवताना मामा शेजारी उकिडवा बसून होता. त्याची बोटं शिवशिवत होती.

"मिस्त्री, कोपऱ्याला एवढासा लेप..."

"मामा!"

"नुसतं विचारलं."

"हात मागे बांधून बसा. आणि बोल्टही मीच आवळणार. तुम्ही गच्ची आवळल्यासारखे आवळाल आणि झाकण वाकवाल."

रविवारी लेक आणि मामा म्हातारीला घेऊन डोंगरावर गेले. ताजी पावडर लावून. मामा पट्टा आवळून शेजारी बसला होता आणि दर वळणाला नाकानं हुंगत होता. सगळ्यात उभ्या चढावर लेकीनं गाडी बाजूला घेतली, नाक वर करून थांबवली, चाकांना धोंडे लावले आणि इंजिन तसंच चालू ठेवलं. मामा आरसा घेऊन उतरायला लागला.

"तुम्ही बसा," लेक म्हणाली. "तिथं वर माझ्याबरोबर तुम्ही नसणार. मला बघता आलं पाहिजे."

मामा बसला. बसवत नव्हतं तरी बसला. काचेतून त्याला उघडलेलं बोनेट तेवढं दिसत होतं आणि त्याच्या फटीतून लेकीची कोपरं. ती बराच वेळ तशीच ओणवी होती. एकदाही सरळ झाली नाही, एकदाही हाक मारली नाही. उभं राहण्याची ही तऱ्हा कुणाची, हे मामानं ओळखलं आणि तो खिडकीबाहेर बघू लागला.

मग बोनेट धाडकन बंद झालं. लेक खिडकीशी आली आणि तिनं इंजिनाच्या पाठीवरून फिरवलेलं बोट पुढे केलं. बोट पांढरंफेक होतं.

"कोरडं, बाबा."

मामानं ते बोट हातात धरून उजेडात फिरवून बघितलं. कामाचं बोट होतं ते, तपासल्याशिवाय कसं सोडणार?

सोमवारी सकाळी म्हातारी निघाली. मागे शिडी आणि घमेल्यांच्या जागी लेकीची ट्रंक, औषधांची पेटी आणि गाद्या घालून नव्यानं बसवलेली सीट. पुढच्या कप्प्यात आरसा आणि पावडरचा डबा, दोन्ही आईला न विचारता. फाटकातून वळताना लेकीनं हॉर्न दिला आणि गाडी कोपऱ्याआड गेली.

अंगणात तेवढा पुठ्ठा राहिला. मामा त्याच्याजवळच उभा होता, रस्त्याकडे तोंड करून. बायको काम उरकून बाहेर आली, अंगणात ऊन तापलं, तरी तो अनवाणी तिथंच होता.

"अहो, गेली ती. आता इथं कशाला उभे? डाग बघताय का?"

"नाही," मामा म्हणाला. "वाट."

"मग चपला घालून बघा," बायको म्हणाली आणि तिनं त्या आणून त्याच्या पायाशी टाकल्या. "पाय भाजतील."