अण्णाच्या मागावरची कासवीण

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायचे. अंगात आलेल्या बायकांना कांदा हुंगायला देणारी बाई मी! तरी हे लिहितेय... हसायचं तर हसा.

सोलापूरचा पूर्वभाग, बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा. नळ कोरडे, आणि घरात हातमाग. आम्हा विणकरांत माग पुरुषाचा. बायकांनी कांड्यांवर सूत भरून द्यायचं. पण अण्णा – माझा भाऊ – टायफॉईडनं आडवा झाला आणि वदिना, म्हणजे माझी भावजय, गुपचूप मागावर बसली. तिचं माहेर आंध्रात, समुद्रकाठी. तिनं भिंतीवर टांगायचं मोठं चित्र विणलं – निळं पाणी, मधोमध कासवीण, आणि वरून नायलॉनच्या दोऱ्याचं जाळं बांधलेलं.

"पोटात अंडी हायत तिच्या," वदिना म्हणाली. "वाळूत जायचंय, पण माणसं सोडतील तर की! समुद्र काय, बाई काय... जो तो नुसतं ओरबाडतोय."

अण्णा बरा झाला आणि भडकला. शेवटी अट घातली, "महिला मंडळाच्या प्रदर्शनात हे लागलं तर माग तुझा बी. न्हाई तर गप कांड्या भर." झालं, वदिनाचा जीव त्या चित्रात अडकला.

आणि ते गळायला लागलं! थेंब थेंब... खाली घमेलं भरायचं. चव घेतली तर खारट. मी म्हटलं, रंग पक्का करायला मीठ घालतात, त्याचंच हे. पण पाणी कुठून? शेजारच्या हमीदाखाला घागर घेऊन धावत आल्या, चाखून थुंकल्या. "सूखे में पानी आया, वो बी खारा! नसीब देखो मेरा!" तरी लोणच्याला होईल म्हणून घागर भरून नेलीच.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी अण्णा वैतागला. जाळ्यातच ओल धरतेय म्हणून त्यानं ते कात्रीनं कराकरा कापलं. गळणं थांबलं. सकाळी बघतो तर नुसतं निळं कापड. कासवीण नाही! विणलेली हो, चिकटवलेली नव्हे... आणि एक धागा उसवलेला नाही.

नोंदवहीत 'कासवीण' असं लिहिलेलं बघून मंडळाच्या बाईंनी विचारलं, "यातलं कासव कुठंय?"

"गेली," वदिना म्हणाली.

कोरं कापड कोण लावणार? परत पाठवलं.

घरी येऊन ती मुकाट्यानं कांड्या भरायला बसली. मला रडूच आलं. अण्णानं तिच्या हातातली कांडी काढून घेतली. म्हणाला, "कापताना तिनं माझ्याकडं बगितलं, गं... ऊठ. मागावर बस. कांड्या मी भरतो."

कासविणीचं एक वेळ सोडा. कुणीतरी शहाणा सांगेलही काहीतरी. पण आमचा अण्णा पुढं जन्मभर कांड्या भरत बसला... याचं स्पष्टीकरण मला तरी अजून सापडलेलं नाही.