अंगठ्याला दोरा

तो तुकडा अकरा सेकंदांचा होता. त्यात एका बाईचा उजवा पाय दिसत होता, अंगठ्याला सुती दोरा अडकवलेला, आणि त्या दोऱ्यावर पांढरी शेवंती जोडीजोडीनं बसत चालली होती. चेहरा नव्हता. आवाज काढून टाकलेला. वर कुणीतरी लाल अक्षरांत लिहिलं होतं: ‘देवाच्या हाराला पाय! हेच हार तुम्ही विकत घेता.’

पाय मंजुषाचा होता. वय छत्तीस, माहेर सायखेडा, सासर नाशिकला लागून असलेल्या मखमलाबादच्या शिवारातला दीड एकराचा फुलमळा. नवरा जीवन शहरात एका मंदिराबाहेर हारांचा गाळा चालवतो. सासू नवसाबाई चाळीस वर्षांपासून त्याच मंदिराच्या पहाटपूजेचा हार गुंफते. सुईनं ओवत नाही, गाठी मारून गुंफते. त्यासाठी जमिनीवर बसायचं, दोरा अंगठ्याला अडकवायचा आणि दोन फुलं इकडे, दोन तिकडे ठेवत गाठ आवळायची. हारवाल्यांच्या घरांत हे इतकं रोजचं आहे, की त्याला वेगळं नावही नाही.

२०२०च्या उन्हाळ्यात मंदिरं बंद झाली आणि तोडलेली फुलं बांधावर ओतायची वेळ आली. मंजुषानं त्यातली दोन पाट्या फुलं ठेवून घेतली आणि जीवनच्या जुन्या फोनवर वेणी करण्याचा व्हिडिओ केला. पहिल्या आठवड्यात तो नऊ जणांनी पाहिला. त्यातल्या चार तिच्या मावश्या. लग्नाच्या हाराचा व्हिडिओ मात्र सव्वादोन लाखांवर गेला. मग ती फोनवरच व्हिडिओ कापायला शिकली. बघणारे कुठल्या मिनिटाला कंटाळून निघून जातात, हे दाखवणारा आलेख ती रोज सकाळी बघू लागली आणि रेषा जिथं खाली जाते तो भाग पुढच्या वेळी गाळू लागली. दोन वर्षांत ऑनलाइन क्लास सुरू झाला. पाठोपाठ दोरा, जर, कात्री आणि नमुन्याच्या पट्ट्या असलेली पेटी टपालानं जाऊ लागली. पेट्या भरायला शिवारातल्या पाच बायका पडवीत बसू लागल्या.

कुठलं फूल घ्यायचं आणि काय बोलायचं, हे तीच ठरवत होती. ‘दर पाच मिनिटांनी आमचं नाव घ्या’ असं सांगणाऱ्या एका अगरबत्तीवाल्याचा फोन तिनं मधेच ठेवून दिला होता.

तिच्याच एका व्हिडिओतून कुणीतरी कापलेला तो तुकडा फिरायला लागला, तेव्हा तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा करार सहीवर आला होता. पुण्यातली पूजासाहित्याची एक कंपनी तिच्या पेट्या राज्यभरच्या दुकानांत ठेवणार होती. त्या भरवशावर मळ्याच्या कडेला पेट्या भरायच्या शेडचा पाया भरून झाला होता. मधला माणूस होता सनी, कॉलेज रोडवरच्या एका जाहिरात संस्थेचा.

पहिला धक्का गाळ्यावर बसला. एका बाईंनी शेवंतीचा हार हातात घेतला, उलटसुलट करून बघितला, “हा तसलाच का हो?” असं विचारलं आणि परत ठेवला. जीवननं तो उचलून पुन्हा टांगला. शेजारच्या गाळ्यावरच्या ललितनं ते पाहिलं. दुपारी मंजुषा फुलं घेऊन आल्यावर तो तिच्याशी बोलायला आला.

“वहिनी, आपल्यातलं आपल्यातच ठेवायचं असतं. गिऱ्हाईक आता आधी माझ्या पायाकडं बघतंय.”

“मग चांगल्या चपला घाला, भाऊजी.”

“चेष्टा नाय करत मी.”

“तुमच्या घरी हार कसे होतात?”

“ते सगळ्या बाजाराला माहीत हाय.”

“मग मी नवीन काय दाखवलं?”

“माहीत असणं वेगळं,” ललित म्हणाला, “दाखवणं वेगळं. तुला लाइक मिळतात, आमचा धंदा बसतो.”

दुसऱ्या दिवशी सनी मखमलाबादला आला. सोबत एक छापलेला कागद आणि टेबलाच्या कडेला आवळायचा लोखंडी चिमटा. कागदावर तिची माफी होती.

“ताई, तीस सेकंदांचं काम आहे. साधी साडी, मागे देवघर, हात जोडायचे. बाकीचं मी बघतो.”

“बाकीचं म्हणजे?”

बाकीचं बरंच होतं. पाय दिसणारे जुने व्हिडिओ काढून टाकायचे. एकशे अठ्ठेचाळीसपैकी असे एकाहत्तर निघाले. यापुढे हार टेबलावर, चिमट्याला दोरा बांधून करायचा. आणि करारात कंपनीनं एक ओळ वाढवली होती: प्रत्येक व्हिडिओ आधी त्यांना दाखवायचा, त्यांनी होकार दिल्यावरच तो टाकायचा.

“एवढ्या मोठ्या कंपनीला एवढी काळजी घ्यावीच लागते,” सनी म्हणाला. “तुमचं नाव तर पेटीवर राहतंय ना.”

मंजुषानं नाही म्हटलं नाही. शेडचा पाया समोर दिसत होता. तिनं साडी बदलली, देवघरापुढं बसली आणि जीवननं फोन धरला. दोन वाक्यं नीट गेली. तिसरं होतं: ‘हार करताना पायाचा वापर करणं ही माझी चूक होती, यापुढे असं होणार नाही.’ तिथं ती अडकली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडकली.

बाहेर ओट्यावर नवसाबाई दुसऱ्या दिवशीचा हार गुंफत होती. आतलं सगळं तिला ऐकू येत होतं.

“काय वाचतीस गं, मंजे?”

“काही नाही, आई.”

“काही नाय कसं? चूक म्हणालीस. कुणाची चूक?”

“तुम्हाला नाही म्हणत मी.”

“मग कुणाला? अंगठ्याला दोरा लावायला मीच शिकवलं ना तुला? म्हंजी चाळीस वर्सं मी देवाला चुकीचा हार घालत हाय?”

सनी उंबऱ्यापर्यंत गेला. “आजी, तसं नाही. कंपनीचं म्हणणं एवढंच, की पाय नको.”

“मग त्या कंपनीला इचार,” नवसाबाई म्हणाली, “दोरा दातात धरू का?”

पडवीत पेट्या भरणाऱ्या बायका हसल्या. मंजुषा हसली नाही. तिनं चिमटा उचलला, टेबलाला आवळला, त्याला दोरा बांधला आणि उभ्यानं हातभर हार गुंफला. मग तो एका टोकाला धरून झटकला. पाच-सहा फुलं सुटून फरशीवर पडली. ओट्यावरचा नवसाबाईचा हार आणून तिनं तसाच झटकला. एकही फूल हललं नाही. अंगठा प्रत्येक गाठीला किंचित मागं सरतो, दोरा ताणला जातो. चिमटा सरत नाही. ती पंधरा वर्षं हार करत होती, पण हे आजवर तिनं कुणाला शब्दांत सांगितलं नव्हतं.

“ह्याच्यावर केलेला हार मी माझ्या नावानं विकू?” तिनं सनीला विचारलं.

तेवढ्यात जीवन बोलला. गाळ्यावर गप्प राहिलेला माणूस घरात पहिल्यांदाच मधे पडत होता. “अगं, पण तू पाय धुतलेलं कुठं गेलं? मी शूट केलं होतं ते.”

हारवाल्यांच्या घरात नळावर पाय धुतल्याशिवाय फुलांच्या पाटीला हात लावत नाहीत. दोरा ताणलेला असताना तो कुणी ओलांडत नाही. मंजुषानं पाय धुतले होते, ते फोनमध्ये आलंही होतं. चाळीस सेकंद. त्या चाळीस सेकंदांत रेषा खाली जाईल म्हणून तिनं ती कापली होती. पहिल्या वर्षापासून प्रत्येक व्हिडिओतून ती तेवढंच कापत आली होती. तिला त्यात दाखवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. घरातलं कुणी त्याकडं बघतही नसे.

सनीचा चेहरा उजळला. “तेच टाका! मोठ्या अक्षरांत ‘खरं काय ते बघा’. करार वाचतोय, ताई.”

“पुरावा म्हणून टाकणार नाही,” मंजुषा म्हणाली. “ते कामातलं होतं, मी कापलं. ती चूक माझी. तेवढीच.”

“मग माफी?”

“माफी नाही. आणि ती वाढवलेली ओळही नको.”

“ती ओळ निघणार नाही हो.”

“मग सहीही होणार नाही.”

सनी चिमटा घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी तिनं अडतीस मिनिटांचा व्हिडिओ टाकला. त्यात संगीत नाही, कापाकापी नाही. नळापासून शेवटच्या गाठीपर्यंत सगळं. बसलेल्या तिघी होत्या: ती, नवसाबाई आणि पेट्या भरणाऱ्या लताबाई. फोन जमिनीवर ठेवलेला, सहा पाय आणि तिघींचे चेहरे स्पष्ट. नाव दिलं ‘हार असाच होतो’. खाली लिहिलं: जुने एकाहत्तर व्हिडिओ काढून टाकलेले नाहीत आणि टाकणार नाही.

आठवड्यात अकरा हजार लोक चॅनेल सोडून गेले. कंपनीनं दोन ओळींचा निरोप पाठवला आणि पेट्यांचं काम दुसऱ्या कुणाला दिलं. शेड पायापाशीच थांबली. पायावर आता तुळशीच्या कुंड्या आहेत आणि पेट्या पडवीतच भरल्या जातात. पाचपैकी दोन बायकांचं काम सुटलं. त्यातली एक अजून मंजुषाशी बोलत नाही. मंदिराच्या व्यवस्थापकांनी नवसाबाईला बोलावून विचारलं, तेव्हा तिनं “घरी येऊन बघा” एवढंच सांगितलं. ते आले नाहीत. हारही बंद केला नाही.

ललितनं गाळ्यावर पाटी लावली: ‘पाय न लावता केलेले शुद्ध हार’. त्याची आई कुसाबाई पूर्वीसारखीच ओट्यावर बसून, दोरा अंगठ्याला लावूनच ते करते. जीवनला आता कुणी विचारलं, तर तो सांगतो, “हो, तसलाच. सुईनं ओवलेला पलीकडच्या ओळीत मिळेल. टोचलेलं फूल संध्याकाळपर्यंत काळं पडेल.” काही गिऱ्हाइकं पाटी वाचून शेजारी ललितकडं जातात.

क्लासची नवी तुकडी अठरा जणींची आहे. आधी तीसच्या खाली येत नसत. पहिल्याच दिवशी मंजुषा सगळ्यांना फोन जमिनीवर, पायाकडं वळवून ठेवायला सांगते, कारण दोऱ्याचा ताण अंगठ्यावर दिसतो, चेहऱ्यावर दिसत नाही. या वेळी पडद्यावरच्या सतरा चौकोनांत सतरा पाय आले. अठराव्या चौकोनात डोंबिवलीची एक सून होती. तिचा फोन अजून चेहऱ्याशीच होता आणि मागे कुणीतरी विचारत होतं, “हे कसलं शिकवतात गं?”

“मॅडम, मी नुसतं बघितलं तर चालेल?” ती हळूच म्हणाली.

“नाही चालणार,” मंजुषा म्हणाली. “पाय धुवून या. आम्ही थांबतो.”

सगळ्या थांबल्या. चौकोनात चार-पाच मिनिटं रिकामी खुर्ची होती. मागे दोन आवाज चढले, एक दार वाजलं, मग नळ सुरू झाल्याचा आवाज आला. फोन हलला, छत दिसलं, फरशी दिसली, आणि चौकोनात एक ओला पाय आला.

“दोरा घ्या,” मंजुषा म्हणाली.