चकती मॅडमचा हात

चकती मॅडम भित्र्या होत्या, आणि खेळाच्या शिक्षिका असूनही त्या ते लपवत नसत. वीज कडाडली की कानांत बोटे, कुत्रे दिसले की आमच्या पाठीमागे. कुणी हसले तर म्हणत, "मले भेव लागते बाई. तुले नाई लागत का?"

आमच्या बपेऱ्याच्या शाळेत डिस्क गोल्फ त्यांनीच आणले. तुमसरच्या एका वेल्डरकडून सायकलच्या रिंगा आणि गुरांच्या साखळ्या जोडून खांबावर टोपली करून घेतली. हातातली प्लास्टिकची चकती साखळ्यांवर आदळून टोपलीत पडली पाहिजे, एवढाच खेळ. लांबून फेकणे आम्हा मुलींना लवकर जमले. नेम चुकायचा तो जवळून. मॅडमनी एका कडीला लाल रंग लावला. "साऱ्या साखळ्या नोको पाहू. एकच कडी पाह्य. अन् चकती सुटली तरी हात तिकडंच राहू दे." जवळून सारखी पडू लागली तरच एक पाऊल मागे सरायचे. कुणाचा हात थरथरला की म्हणायच्या, "पयले श्वास सोड, मंग चकती."

शाळेमागचे मैदान संपले की मोहाची झाडे, त्यापुढे जंगल. मोह गळायच्या दिवसांत फुले खायला अस्वल येते, म्हणून ऊन चांगले वर येईपर्यंत मॅडम आम्हाला तिकडे फिरकू देत नसत.

त्या दिवशीही ऊन वर आले होते. माझ्या वर्गातल्या कविताची चकती टोपलीवरून पलीकडे गेली. ती आणायला निघाली आणि टोपलीजवळच थबकली. समोरच्या मोहाखालून अस्वल उठून दोन पायांवर उभे राहिले होते. त्याच्या छातीवरचा पांढरा पट्टा मला अजून दिसतो. कविता हलेना.

"कविता, हालू नोको," मॅडम पुटपुटल्या. ते तिला ऐकू जाणे शक्यच नव्हते. त्यांच्या हातात चकती होती. टोपली कविताला अगदी लागून. नेम जरा हुकला असता तर चकती तिच्या पाठीत, नाहीतर सरळ अस्वलाच्या तोंडावर. मॅडमचे दात वाजत होते, मला ऐकू येत होते. मग त्यांनी श्वास सोडला.

खण्णकन साखळ्या वाजल्या. अस्वल दचकले, चारी पायांवर आले आणि फुत्कारले. आता ते तिच्या अंगावर येणार असे वाटून मी डोळे मिटले. उघडले तेव्हा लांबची झुडपे हलत होती आणि कविता टोपलीचा खांब कवटाळून उभी होती. मॅडम खाली बसून ओकत होत्या.

गावाने त्यांना वाघीण म्हटले. त्या चिडायच्या. "कायची वाघीण? भेवानं जीव जाऊन राहिला होता माझा."

आणि ते भेव गेलेच नाही. त्यांचा उजवा हात थरथरू लागला. टोपली शाळेच्या भिंतीआड हलवली, तरी एका पावलावरूनही त्यांची चकती बाहेर पडे. त्या रोज फेकत, आणि आम्ही नजर वळवत असू. एकदा मला म्हणाल्या, "टाकायले गेली का कविताची पाठच दिसते." वर्ष संपल्यावर त्या गोंदियाला बहिणीकडे निघून गेल्या.

गेल्या वर्षी सिहोऱ्याला कविताचे लग्न झाले. मॅडम आल्या, माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. मंगलाष्टके सुरू झाली. 'सावधान' म्हणताच मॅडमचा हात उठला आणि असा काही थरथरला, की अक्षता त्यांच्याच पायांशी सांडल्या. त्यांनी हात पदराआड घेतला.

कविताने ते मंचावरून पाहिले होते. गळ्यात हार पडल्यावर ती खाली उतरली, गर्दीतून वाट काढत आली आणि मॅडमसमोर वाकली.

"आता टाका, मॅडम."

"नोको बाई. सांडते."

"सांडू द्या."

मी माझ्या मुठीतल्या अक्षता त्यांच्या तळहातावर ठेवल्या. मॅडमनी तो थरथरता हात कविताच्या डोक्यावर नेला आणि बोटे उघडली.