जलपूजनाची फुलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझ्या बहुतेक लबाड्या मी न सांगताच ठाऊक असतात.

आमचं गाव धारूरच्या डोंगराखाली. गावाला एक पाझर तलाव. तो भरला की पुढारी येतात, साडी-चोळी, नारळ वाहून त्याची ओटी भरतात. याला जलपूजन म्हणतात. भाषणं ऐकली तर वाटावं, पाऊस यांनीच मंजूर करून आणला. त्या वर्षी सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी शाळेचा मुख्याध्यापक, दोन कपाटं पुस्तकं वाचलेला — असल्या थाटाला मनातल्या मनात हसणारा. मग मलाच कशाला हौस सुटावी? पण सुटली. नेहमीच्या झेंडूपेक्षा काही वेगळं हवं होतं. गोदाकाठी पाहुण्यांकडे गेलो होतो, तिथं पाण्यावर जांभळी फुलं तरंगत होती. मुळांसकट टोपलंभर आणली. माईकवरून त्यांना 'नीलकमळं' म्हणालो. पुढाऱ्यांनी ती तलावात सोडली. टाळ्या पडल्या.

ती जलपर्णी होती. मला ते माहीत नव्हतं — निदान त्या दिवशी.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत तलावात पाणी म्हणून दिसेना. शेळी वरून चालत पलीकडे जाईल असं वाटायचं. गुरांना प्यायला जागा उरली नाही, आत मासे मरायला लागले. मासेमारीचा ठेका लिंबाजी भोयाकडे होता. उन्हाळ्यात तो गोदावरीवर जाळी टाकायला जायचा. गावाला तेवढं पुरलं — याच्याच जाळ्याला चिकटून आलं हे.

ग्रामसभेत कुणीतरी ओरडलं, "जाळं झटकून आणायला काय झालतं बे तुला?"

लिंबाजी माझ्याकडं वळला. "गुरुजी, तुमी शिकलेले. तुमीच सांगा, माझ्या जाळ्यातून आलं का हे?"

तोवर मला सगळं कळलं होतं. पुस्तकात चित्र पाहिलं होतं, फूल ओळखलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण समोर बसले होते ते सगळे टाळ्या वाजवणारे — आणि मी म्हणालो, "येऊ शकतं."

खोटं कुठं होतं त्यात? येऊ शकतंच. अशी वाक्यं मला चांगली जमतात.

ठेका रद्द झाला. ठराव माझ्याच हातचा — ग्रामसेवक म्हणाले, तुमचं अक्षर बरं आहे. दिवाळी झाली आणि लिंबाजी बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला. कधी कोयता न धरलेला माणूस. तेव्हापासून दर वर्षी जातो.

परवा स्टँडवर दिसला. मी टाळणार होतो — त्यानंच गाठलं, चहा सांगितला. म्हणाला, "लई चुकलं गुरुजी माझं. जाळं धुऊन आणाया पायजे हुतं. समद्या गावाचं पानी घालवलं मी."

मी मान हलवली. चहा संपवला.